बाबांना अवोकाडो सुरू करू का? (कोलेस्टेरॉल + बीपी)

रत्नांग्रीकर: बाबांचं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) वाढलंय, बीपीची गोळी चालूच आहे. पुण्याची ताई येताना अवोकाडो आणते आणि रोज एक द्या म्हणते. इथे तेवढ्या पैशात सुरमईची तुकडी येते हो, म्हणून विचारतोय, खरंच एवढं काही आहे का त्यात?

दापोलीकरीण: आहे, पण लोक सांगतात तेवढं नाही. १०० ग्रॅम गरात १६० कॅलरी, १५ ग्रॅम फॅट, पण त्यातलं दोन तृतीयांश मोनोअनसॅच्युरेटेड म्हणजे ऑलिव्ह तेलात असतं तेच, वर जवळपास ७ ग्रॅम फायबर आणि साखर नावालाच. २०२२ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या जर्नलमध्ये लाखावर माणसांचा ३० वर्षांचा अभ्यास आला होता, आठवड्यातून दोनदा अर्धं अर्धं फळ खाणाऱ्यांत हृदयविकार १६ टक्के कमी दिसला. आता अवोकाडो खाणारा बाकीचंही नीट खात असेल, ते सोडा. पण बटर, चीजच्या जागी खाल्लं तर फायदा. रोजचं आमटीतलं खोबरं, सोलकढी तशीच आणि वर हे, तर नुसत्या कॅलरी वाढतील.

कुडाळचो_झील: मेल्या, शेंगदाणे खा मूठभर! त्येच्यातला निम्मा फॅट पण तसलाच, आणि सुरमय पण सोडूक नको.

औषधवाला: गोळी कुठली ते सांगा आधी. अवोकाडोत १०० ग्रॅमला ४८५ मिग्रॅ पोटॅशियम, केळ्यापेक्षा जास्त. टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांनी रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं, त्यात किडनी कमजोर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज नको. वॉरफेरिन (रक्त पातळ ठेवायची गोळी) चालू असेल तर तेही सांगा, यात व्हिटॅमिन के असतं, ते त्या गोळीच्या उलट काम करतं.

रत्नांग्रीकर: टेल्मिसार्टनच आहे. किडनीची टेस्ट, क्रिएटिनिन, नॉर्मल आलंय, तरी विचारतो. आणलेली मात्र दगडासारखी आहेत. आणि बी अंगणात लावू का?

दापोलीकरीण: झाडावर पिकत नाही ते, काढल्यावरच पिकतं. केळ्याबरोबर कागदात गुंडाळून ठेवा, देठाजवळ दाबलं की जरा मऊ लागलं पाहिजे. मग कांदा, लिंबू, मिरची घालून भाकरीबरोबर. बंगळूरसारखा दूध-साखर घालून ज्यूस केलात तर मग कशाला खायचं! बियांचं झाड फळायला खूप वर्षं घेतं, कलम घ्या. आणि शेळ्या असतील तर लांब लावा, पानात पर्सिन असतं, त्यांना विष आहे ते.

रत्नांग्रीकर: शेजारच्या शेळ्या कुंपण मानत नाहीत 😄 झाड राहू दे. ताईला सांगतो, दोनच आण.