उत्तर: फ्लिप ४ आणि फ्लिप ६ जुळतील का?

भाऊ, जेबीएलचे ब्लूटूथ स्पीकर, जुना फ्लिप ४ आणि नवा फ्लिप ६, जोडीने वाजत नाहीत, तर त्यात बिघाड काहीच नाही. स्पीकर एकमेकांना जोडायला फ्लिप ४ मध्ये 'कनेक्ट प्लस' आहे, फ्लिप ६ मध्ये 'पार्टीबूस्ट' (आडव्या आठासारखं ∞ बटण). दोन्ही जेबीएलचेच, पण एकमेकांना ओळखत नाहीत. कुणी सॉफ्टवेअर अपडेट सुचवलं, तरी त्याने हे जुळणार नाही. फ्लिप ७ घ्याल तर जोडायची तिसरीच पद्धत, ऑराकास्ट. तो फ्लिप ६ शीही जुळत नाही. फ्लिप ६ ला फ्लिप ५ चालतो, फक्त डावा-उजवा स्टिरिओ हवा तर दोन्ही एकाच मॉडेलचे लागतात.

सॅमसंग फोनमध्ये ड्युअल ऑडिओ (एकाच वेळी दोन स्पीकरवर आवाज) असेल तर दोन्ही ब्लूटूथने जोडा, मीडिया आउटपुटमध्ये दोघांवर टिक करा. आवाज थोडा मागेपुढे होतो, म्हणून एक हॉलमध्ये, एक स्वयंपाकघरात ठेवा. एकाच खोलीत घुमल्यासारखं वाटेल (मे महिन्यात कूलरच्या घरघरीत कळणारही नाही म्हणा!). फ्लिप ४ ला ऑक्स (वायर लावायचं भोक) आहे, पण एक वायरने आणि दुसरा ब्लूटूथने लावू नका, ब्लूटूथवाला हमखास मागे पडतो.

नागपुरात सीताबर्डीच्या बाजारात नवा घ्यायला जाल तर जुना चार्ज करून सोबत न्या, काउंटरवरच जोडून बघा.