ऑटोमोबाईलची प्रॅक्टिकल्स ऑनलाइन घ्यायला माझा विरोध आहे

रोपब्रेक

आमच्या विभागात गेल्या आठवड्यात प्रस्ताव आला. आयसी इंजिन (सिलिंडरच्या आत इंधन जाळणारं इंजिन) लॅबमध्ये सत्रभरात आठ प्रयोग होतात, त्यातले पाच पुढच्या वर्षीपासून व्हर्च्युअल लॅबवर घ्यायचे. डिझेलचा खर्च वाचेल, आणि लॅबमधले मामा निवृत्त झाल्यावर त्यांच्या जागी माणूस मिळालेला नाही, तीही अडचण सुटेल, असं म्हणणं. मी विरोध केला, पण बैठकीत नीट मांडता आलं नाही. म्हणून इथे लिहितोय.

आमच्याकडे ५ हॉर्सपॉवरचं एक सिलिंडरचं डिझेल इंजिन आहे, १५०० आरपीएमचं. त्याची ताकद मोजायला रोप ब्रेक: ड्रमवर दोर, दोराच्या एका टोकाला वजनं, दुसऱ्या टोकाला स्प्रिंग बॅलन्स. ड्रममध्ये पाणी सोडत राहावं लागतं, नाहीतर दोर जळायला लागतो. ब्युरेटमधलं (खुणा असलेल्या काचेच्या नळीतलं) १० सीसी डिझेल पूर्ण भारावर साधारण अर्ध्या मिनिटात संपतं. स्टॉपवॉच एक सेकंद उशिरा दाबलं की तीन टक्के चूक आलीच. आणि स्प्रिंग बॅलन्सचा काटा एका जागी थांबत नाही, चार आणि पाच किलोच्या मध्ये थरथरत राहतो. मग कोणीतरी विचारतं, "सर, किती लिहू?"

माझ्या दृष्टीने प्रयोग तिथे सुरू होतो. खरा आकडा कुठला, किती वेळा घ्यायचा, कशावर विश्वास ठेवायचा, हे त्या काट्यासमोर उभं राहूनच ठरवावं लागतं. स्क्रीनवरचा काटा थरथरत नाही.

२०२०-२१ मध्ये आम्ही व्हिडिओ पाठवून प्रयोग घेतले. साठ मुलांचे साठ आलेख आले, सगळ्यांच्या रेघा बिंदूंतून अगदी अचूक जाणाऱ्या. नंतर तोंडी परीक्षेत एका हुशार मुलाला विचारलं, भार वाढवला की इंजिनचा आवाज कसा बदलतो? सूत्र त्याला तोंडपाठ होतं. पण इंजिन आधी दबतं आणि मग गव्हर्नर (वेग सांभाळणारा भाग) सावरून घेतो, हे त्याने कधी ऐकलेलंच नव्हतं. त्याचा त्यात काय दोष?

मॉडेलवाला

सर, नमस्कार. मी पुण्यातच शिकलो, सध्या जर्मनीत श्टुटगार्टला ईसीयूच्या, म्हणजे गाडीतल्या नियंत्रक संगणकाच्या, कॅलिब्रेशनचं काम करतो. तुमच्याबद्दल आदर ठेवून सांगतो, मला हे पटलेलं नाही.

हे प्रॅक्टिकल मीही केलंय. केलंय म्हणजे वीस जणांच्या बॅचमध्ये भिंतीला टेकून उभा होतो. तिघांनी इंजिनला हात लावला, सतरा जणांनी रीडिंग उतरवून घेतली. जर्नल गेल्या वर्षीच्या सीनिअरचं समोर ठेवून लिहिलं. बहुतेक कॉलेजांत हेच चालतं आणि हे सगळ्यांना माहीत आहे.

एकट्याने, स्वतःच्या डोक्याने केलेला माझा पहिला प्रयोग लॅपटॉपवरचा. इंजिनच्या मॉडेलमध्ये इंजेक्शनची वेळ एकेक अंशाने अलीकडे आणत गेलो. नायट्रोजन ऑक्साइड वाढत गेले, काजळी कमी होत गेली. रात्री दोनपर्यंत बसलो होतो. कॉलेजच्या इंजिनवर टायमिंगला हात लावायची सोयच नव्हती, त्यामुळे हा प्रश्न तिथे मला पडलाच नसता.

आणि आजचं संशोधन चालतं कसं? गाडी तयार व्हायच्या आधी तिचा ईसीयू टेबलावर असतो. त्याला तारांमधून खोटे सिग्नल देतात, त्याला वाटतं आपण ताशी १२० ने धावतोय. बर्फावर ब्रेक निकामी झाला तर काय, हे त्याला हजार वेळा विचारता येतं, एकाही माणसाचा जीव धोक्यात न घालता. त्या टेबलावर बसणारी मुलं हवी असतील, तर रोप ब्रेकला इतकं धरून बसणं मला समजत नाही.

धाराशिवकर

मी तालुक्याच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या लॅबमध्ये इंजिन आहे, पण मी ॲडमिशन घेतल्यापासून ते बंद आहे. परीक्षेला बाहेरून सर आले की त्यावरचं फडकं काढतात.

थर्मल मी एनपीटीईएलवर, म्हणजे आयआयटीवाल्यांच्या मोफत ऑनलाइन व्याख्यानांवरून, शिकलो. आयआयटीचे प्राध्यापक माझ्या खोलीत येऊन शिकवतील असं घरात कुणाला वाटलं नव्हतं. इंग्रजी कच्चं, म्हणून सायलॅब हे आकडेमोडीचं मोफत सॉफ्टवेअर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियलवरून शिकलो, तिथे मराठीत आवाज आहे. रोपब्रेक सर ज्या आलेखाबद्दल बोलतात, तो मी सायलॅबमध्ये काढलाय.

दुधाची तहान ताकावर भागवतोय म्हणाल. पण आम्हाला ताक तरी मिळालं. चालू इंजिनवाल्या कॉलेजातून ऑनलाइनला नावं ठेवली जातात तेव्हा आमच्यासारख्यांचा विचार व्हावा.

रोलकेज

दोन वर्षं आमच्या बाजा टीममध्ये होते, शेवटच्या वर्षी कॅप्टन. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बाजामध्ये विद्यार्थी एका माणसाची ओबडधोबड रस्त्यावर चालणारी गाडी स्वतः बनवतात आणि शेवटी ती चार तास सलग पळवतात.

सस्पेन्शनची भूमिती आम्ही सॉफ्टवेअरमध्ये तीन महिने घासली होती. मग नळ्या वेल्ड केल्या, आणि थंड झाल्यावर एका बाजूचा माउंट तीन मिलिमीटर आत ओढला गेलेला. पुढची दोन्ही चाकं दोन दिशांना बघायला लागली. मॉडेलमध्ये वेल्ड म्हणजे एक रेघ. तिला उष्णता नसते, ती आकसत नाही. भोसरीच्या एका फॅब्रिकेटरकाकांनी दाखवलं: आधी जिगमध्ये (नळ्या जागेवर धरणाऱ्या चौकटीत) पक्कं आवळायचं, सगळीकडे नुसते टाके मारायचे, मग समोरासमोरच्या बाजूंना आलटून पालटून थोडं थोडं वेल्ड करायचं. तो माउंट कापून पुन्हा लावला. ते तीन मिलिमीटर मी जन्मात विसरणार नाही.

म्हणजे मी रोपब्रेक सरांच्या बाजूची. पण एक गोष्ट सांगायलाच हवी. आमच्या कॉलेजात मुलींना सहानंतर वर्कशॉपमध्ये थांबायची परवानगी नव्हती. मुलं रात्री लेथवर शिकली, मी त्या वेळात होस्टेलवर सिम्युलेशन शिकले, कारण लॅपटॉप किती वाजलेत ते विचारत नाही. प्रत्यक्ष काम हवंच असं म्हणणाऱ्यांनी आधी वर्कशॉपचं दार सगळ्यांना सारखं उघडं आहे का ते बघावं.

रोपब्रेक

रोलकेज, हे मी बैठकीत मांडणार आहे. आमच्याकडेही नियम तोच आहे आणि इतक्या वर्षांत मला तो खटकला नाही, याचं वाईट वाटतं.

मॉडेलवाले, तुम्ही संशोधनाचं म्हणालात म्हणून एक दाखला. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या एका गटाने डिझेल गाड्यांच्या डिकीत उत्सर्जन मोजणारी यंत्रं ठेवून त्या रस्त्यावर चालवल्या. गटातले अरविंद तिरुवेंगडम आणि हेमंत कप्पण्णा हे आपल्या देशातले. फोक्सवॅगनची एक पसाट गाडी तर त्यांनी लॉस एंजेलिसहून सिएटलपर्यंत नेली. प्रयोगशाळेतल्या रोलरवर पास होणारी फोक्सवॅगनची जेट्टा रस्त्यावर मर्यादेच्या १५ ते ३५ पट नायट्रोजन ऑक्साइड सोडत होती. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरतं उत्सर्जन कमी करणारं सॉफ्टवेअर गाड्यांत घातल्याबद्दल सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकी सरकारने कंपनीला नोटीस काढली. लॅबमधल्या आकड्यांवर भागवलं असतं तर हे कधी बाहेर आलं असतं? आपल्याकडेही १ एप्रिल २०२३ पासून बीएस-६ या प्रदूषण नियमांच्या दुसऱ्या टप्प्यात प्रत्यक्ष रस्त्यावरची चाचणी आली, ती उगाच नाही.

मॉडेलवाला

दाखला उत्तम आहे, पण अर्धाच सांगितलात. आकडा बघून "हा फार जास्त आहे" म्हणायला तो किती यायला हवा होता हे आधी माहीत लागतं. ते त्या मुलांना माहीत होतं. आणि ती लबाडी कोडमध्ये नेमकी कुठे दडली होती, हे २०१७ मध्ये बोखुम आणि सॅन दिएगोच्या संशोधकांनी ईसीयूचं फर्मवेअर (आत भरलेला प्रोग्रॅम) वाचून उलगडलं. त्यासाठी रस्ता नाही, संगणक लागला.

बॅटरीचं काय करणार? ४०० व्होल्टच्या पॅकमध्ये एक सेल पेटला तर शेजारचे किती वेळात पेटतात, हे वीस मुलांना लॅबमध्ये उभं करून दाखवणार का?

रोपब्रेक

नाही, ते मॉडेलवरच. बॅटरीबाबत मला पूर्ण मान्य.

इंजिनचं मात्र असं ठरवतोय: वीसच्या बॅचचे पाच-पाचचे चार गट. प्रत्येकाने आदल्या दिवशी मॉडेलवर स्वतःचा आलेख काढून आणायचा, मगच दोराला हात लावायचा. माझे तास वाढतील, हरकत नाही. आठही प्रयोग इंजिनवर राहावेत असं लेखी देणार आहे.

मॉडेलवाला

आदल्या दिवशीचा आलेख, हे मला मनापासून आवडलं. पण आठही नकोत सर. दोन तरी मॉडेलवर सोडा, मुलांना एकटं बसून चुकू द्या.

धाराशिवकर

सर, दिवाळीच्या सुट्टीत तुमची लॅब उघडी असते का? आम्ही सहा जण आहोत. एसटीने येऊ, एका दिवसात परत जाऊ.

रोपब्रेक

या. तारीख व्यनिवर (व्यक्तिगत निरोपात) कळवा, विभागप्रमुखांची परवानगी मी काढतो. तुमचा सायलॅबमधला आलेख तेवढा आधी पाठवा, फळ्यावर तोच लावून सुरुवात करू. आणि पायात चप्पल नको, बूट घालून या.