'स्थानबद्ध' आणि 'अटक' यात फरक काय?

रानजाई: पेपरात सारखं येतं, 'सराईत गुन्हेगार एमपीडीएखाली एक वर्षासाठी स्थानबद्ध, रवानगी येरवड्यात'. एमपीडीए म्हणजे गुंडांवरचा तो राज्याचा कायदा. जेलमध्येच टाकलाय तर सरळ अटक केली असं का लिहीत नाहीत? स्थानबद्ध म्हटलं की मला वाटतं घरातच बसवून ठेवलंय.

जुनाखटला: नाही हो, घरात ठेवलं तर ती नजरकैद. आणि तडीपार म्हणजे हद्दीबाहेर काढलेला, ते वेगळंच. स्थानबद्ध माणूस तुरुंगातच असतो. अटक होते एखाद्या गुन्ह्याच्या आरोपाखाली, मग 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढे न्यावं लागतं, वकील देता येतो, जामीन मागता येतो. स्थानबद्धता ही 'हा पुढे काहीतरी करेल' म्हणून, आणि घटनेच्या कलम 22 मध्येच लिहिलंय की ती 24 तासांची आणि वकिलाची हमी इथे लागू नाही. आदेश कोर्ट काढत नाही, पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी काढतात. रासुका म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा कायदा 1980 चा, एमपीडीए 1981 चा, दोन्हीत जास्तीत जास्त 12 महिने. शब्द ऐकायला मऊ आहे पण अटकेपेक्षा कडक आहे, मला तर बातमीत 'खटल्याशिवाय' हा शब्द शेजारी हवाच असं वाटतं.

नाशिककर: पण गल्लीतल्या दादाविरुद्ध साक्ष द्यायला कोणी पुढे येत नाही हे पण बघा ना. म्हणून तर नाव न देता गोपनीय जबाब घेतात. माणसं खरंच घाबरलेली असतात.

जुनाखटला: ते मान्य आहे, भीती खोटी नाही. पण म्हणूनच आदेशातला शब्द न शब्द महत्त्वाचा. समाजवादी नेते राममनोहर लोहियांना भारत संरक्षण नियमांखाली आत टाकलं होतं, नियमात होतं 'सार्वजनिक सुव्यवस्था' आणि आदेशात लिहिलं 'कायदा व सुव्यवस्था', तेवढ्यावर सुप्रीम कोर्टानं 1965 मध्ये त्यांना सोडायला लावलं. न्या. हिदायतुल्लांनी तेव्हा एकात एक तीन वर्तुळं सांगितली, सगळ्यात मोठं कायदा व सुव्यवस्थेचं, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्था, सगळ्यात आत राज्याची सुरक्षा. दोघांची मारामारी झाली तर ती पहिल्या वर्तुळात, तेवढ्यावर स्थानबद्ध करता येत नाही, त्याला नेहमीचा फौजदारी कायदा आहे.

रानजाई: अच्छा, म्हणजे आपण बोलताना हे तिन्ही सरसकट एकच समजतो. मग आणीबाणीतले मिसाबंदी पण स्थानबद्धच ना?

जुनाखटला: हो, मिसा म्हणजे 1971 चा अंतर्गत सुरक्षा कायदा. 1976 ला सुप्रीम कोर्टाच्या पाचपैकी चार न्यायाधीश म्हणाले की आणीबाणीत हेबियस कॉर्पस, म्हणजे 'बंदीला कोर्टापुढे आणा' असा आदेश, मागताच येणार नाही, एकटे न्या. खन्ना विरोधात गेले आणि पुढे त्यांना डावलून दुसऱ्यांना सरन्यायाधीश केलं. त्यांचं नाव शाळेतच शिकवायला हवं. मिसा रद्द झाला 1978 मध्ये, आणि 1980 ला रासुका आला.

नाशिककर: 'मिसाखाली आत गेले' असं आमच्याकडे जुनी माणसं अजून म्हणतात, स्थानबद्ध कोणीच म्हणत नाही.

जुनाखटला: बोलण्यात 'आत टाकलं'च. स्थानबद्ध हा आदेशातला आणि बातमीतला शब्द.