बर्फाच्या जाडीवरून बियासच्या प्रवाहाचा अंदाज जुळत नाहीये, मदत हवी

भीमाकाठची:
नमस्कार. मी सोलापुरात जिओइन्फर्मॅटिक्सच्या एम.एस्सी.ला आहे, प्रकल्प बियास नदीवर. सेंटिनेल-१ उपग्रहाच्या रडारवरून काढलेली बर्फाची जाडी घेतलीय, १ किलोमीटरच्या चौकटीत. मार्चअखेरची खोऱ्याची सरासरी काढून एप्रिल ते जूनच्या प्रवाहाशी ताडून पाहते, पण दोन्हींचा मेळ बसत नाही. घरचे म्हणतात, उजनी सोडून हिमाचल कशाला? पण उन्हाळ्यात उजनी उणे गेली की इथे काय हाल होतात ते बघतच मोठी झालेय. पाणी किती येणार हे दोन-तीन महिने आधी सांगता येतं, ही गोष्टच मला फार मोलाची वाटते. नेमकं कुठे बघू?

जुना_सतलजवाला:
ताई, मी सतलजवरच्या एका जलविद्युत प्रकल्पावर होतो, आता जुळे सोलापूरला असतो. विषय छान घेतलास.

पहिलं म्हणजे जाडी म्हणजे पाणी नव्हे. पिंजलेला कापूस आणि दाबलेली गठडी, तसा ताजा बर्फ आणि मार्चचा बर्फ. ताज्याची घनता घनमीटरला १०० किलोच्या आसपास, वसंतातल्या मुरलेल्याची ३०० ते ५००. एक मीटर जाडी आणि ३०० घनता धरली तर ३० सेंटीमीटर पाणी. आपल्या भाषेत सांगायचं तर असा बर्फ ९४ चौरस किलोमीटरवर असला की एक टीएमसी. उजनीचा उपयुक्त साठा साधारण ५३ टीएमसी, म्हणजे तेवढ्यासाठी पाच हजार चौरस किलोमीटर लागतील! घनता न धरता नुसत्या जाडीवर गेलीस तर दोन वर्षांची तुलनाच होत नाही.

दुसरं, मार्चअखेर खालच्या टप्प्यातला बर्फ ओला झालेला असतो. सेंटिनेलची लहर साडेपाच सेंटीमीटरची, ती ओल्या बर्फात शोषली जाते आणि जाडीचा आकडा भरवशाचा राहत नाही. सुक्या काळातले, फेब्रुवारीचे आकडे घे आणि पुढचं वितळणं तापमानावरून चालव. सरासरी तर मोडूनच टाक. ५०० मीटरचे उंचीचे पट्टे कर. तीन हजार मीटरवरचा बर्फ एप्रिलमध्ये उतरतो, साडेचार हजारावरचा जूनमध्ये. एका आकड्यात दोन्ही घातलेस तर कधी येणार हेच हरवतं.

आणि हे आधी सांग: प्रवाह बियासवरच्या पंडोह धरणाच्या वरचा आहे की खालचा? तिथून पाणी बोगद्यानं सतलजकडे वळवतात, १९७७ पासून.

भीमाकाठची:
काका, खालचाच आहे. पंडोहचा विचारच कुणी सांगितला नव्हता. वरच्या मोजणी केंद्राची आकडेवारी मागते.

रडारवेडा:
काकांचं बरोबर. त्यात भर. दाट देवदाराखाली आणि उभ्या उतारांवर रडारची जाडी फसते, त्या चौकटी वेगळ्या काढ. आइससॅट-२ उपग्रहाचं लेसर नेमकं मोजतं, पण अरुंद रेषांवर, आणि ढग आले की संपलं. नकाशा बनवायला ते पुरत नाही, तुझी जाडी तपासायला उत्तम. शिवाय जुलै २०२५ मध्ये श्रीहरिकोटाहून गेलेल्या निसार या रडार उपग्रहावर लक्ष ठेव. त्याची एल बँडची लहर २४ सेंटीमीटरची. सुक्या बर्फातून जाताना ती मंदावते, त्यामुळे १२ दिवसांच्या दोन फेऱ्यांमधल्या फरकावरून बर्फातलं पाणी किती वाढलं हेच काढता येतं. घनतेचं कोडं बरंच सुटतं.

भीमाकाठची:
मग जूनचं काय करू? पाऊसही मिसळतो ना?

जुना_सतलजवाला:
मिसळतो, आणि वर हिमनद्यांचं पाणीही. सध्या एप्रिल-मे वेगळे काढ, तिथे बर्फाचा वाटा स्वच्छ दिसेल. तो जुळला की जून हातात घे. आकडेवारी मिळाली की उंचीचे पट्टे इथेच टाक, मी बसून बघतो.