जीनोटाईप, फीनोटाईप आणि हापूसचं कलम

जीनोटाईप आणि फीनोटाईपमधे नक्की फरक काय, तर आपला हापूसच घ्या ना. हापूस कलमाचा, म्हणजे चांगल्या झाडाची काडी रायवळच्या रोपावर बांधायची, त्यामुळे देवगड काय नि रत्नागिरी काय, वरच्या झाडाचा डीएनए जवळपास सारखाच, हा जीनोटाईप. पण कातळावरची माती, खारं वारं, पाणी यांनी साल, वास, गोडी बदलते, जे दिसतं नि चाखता येतं तो फीनोटाईप.

कोय रुजवलीत तर मात्र सगळं नव्याने मिसळतं. आंब्यात क्रोमोसोमच्या, म्हणजे पेशीतल्या डीएनएच्या गुंडाळ्यांच्या, २० जोड्या (माणसात २३), प्रत्येक जोडीतला एक आईकडून एक बापाकडून, आणि एकाच जीनचे (म्हणजे एखाद्या गुणावर परिणाम करणाऱ्या डीएनएच्या तुकड्याचे) जे वेगवेगळे नमुने असतात ते अलील. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रातला रत्ना आंबा हा नीलम आणि हापूसचा असाच संकर, १९८१ चा.

बायोइन्फर्मॅटिक्स, म्हणजे डीएनएसारखी माहिती कॉम्प्युटरवर तपासणं, इथेच कामाला येतं बघा, ए टी जी सी या डीएनएच्या चार अक्षरांची ओळ म्हणजे सिक्वेन्स, दोन ओळी जुळवून फरक शोधणं म्हणजे अलाइनमेंट. ब्लास्ट हे १९९० पासूनचं फुकट टूल आहे, सिक्वेन्स टाकला की डेटाबेसमधले सारखे सिक्वेन्स काढून देतं, आधी त्याच्यावरच हात बसवा.