सिलोस्टॅझॉल लगेच बंद करू नका

ताई, बाबांना चालताना पोटऱ्या भरून येतात म्हणून सिलोस्टॅझॉल (पायातला रक्तपुरवठा सुधारणारी गोळी) दिलंय आणि १५ दिवसात फरक नाही तर बंद करू का असं तुम्ही विचारलंय. एवढ्यात नको, फरक कळायला २ ते ४ आठवडे आणि कधी कधी १२ आठवडे पण लागतात. माझे सासरे सारसबागेपर्यंत जाताना दोनदा थांबायचे. आम्ही त्यांना गोळी जेवणाबरोबरच द्यायचो आणि मग डोकं दुखायचं, धडधडायचं, नंतर कळलं की ती जेवणाआधी अर्धा तास किंवा नंतर २ तासांनी घ्यायची असते, तेलकट खाण्यासोबत घेतली की रक्तात एकदम जास्त चढते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हार्ट फेल्युअर (हृदय कमजोर होऊन रक्त नीट पंप न होणं) असेल तर ही गोळी अजिबात चालत नाही, तसं काही असेल तर आजच डॉक्टरांना फोन करा. ॲसिडिटीसाठी ओमेप्राझोल चालू असेल तर तेही सांगा, अशा वेळी १०० ऐवजी ५० मिग्रॅ देतात. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करायची गोळी असेल तरी सांगाच.

तंबाखू मात्र सुटलीच पाहिजे. आणि पाय अचानक गार, पांढरा पडून दुखायला लागला तर सकाळची वाट बघू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.