पाठीवर थरथरणारं यंत्र: १७ अंशांच्या बाकासाठी लावावं का?

लेकीचीआई_कोथरूड
लेक अकरा वर्षांची आहे. गॅदरिंगच्या नाचाचा ब्लाउज शिवायला टाकला तेव्हा माप घेताना टेलरकाका म्हणाले, ताई हिचा उजवा खांदा वर आहे बघा, मी म्हटलं दप्तरामुळे असेल. घरी आल्यावर तिला हात जोडून पुढे वाकायला लावलं तर उजव्या बाजूच्या बरगड्या डावीपेक्षा वर आलेल्या सरळ दिसत होत्या. एक्सरे काढला, पाठीच्या कण्याला १७ अंशांचा बाक. ऑर्थो म्हणाले स्कोलिओसिस आहे पण सौम्य आहे, सहा महिन्यांनी परत एक्सरे काढू, तोवर फक्त लक्ष ठेवा. एका फिजिओने मात्र बायोफीडबॅकचं यंत्र सुचवलं, पाठीला चिकटवायचं, मूल वाकलं की ते थरथरतं आणि मूल आपोआप सरळ होतं. माझं मत लावावं असंच आहे, कारण पाळी अजून आलेली नाही, उंची भराभर वाढतेय, ह्याच काळात बाक वाढतो हे सगळेच सांगतात आणि वर म्हणतात थांबा. आईने हातावर हात ठेवून कसं बसायचं? तुम्हाला काय वाटतं?

फिजिओताई
मी स्वतः फिजिओ आहे आणि ह्याच्या विरोधात आहे. पोक काढून बसणं वेगळं आणि स्कोलिओसिस वेगळा. स्कोलिओसिसमध्ये मणके नुसते बाजूला झुकत नाहीत, ते पिळले जातात, त्या पिळामुळेच तुम्हाला बरगड्या वर दिसल्या. बाजारात मिळणारी बहुतेक यंत्रं मोजतात काय, तर मूल पुढे किती वाकलं. पीळ त्यांना कळतच नाही. मग मूल काय करतं, यंत्र गप्प व्हावं म्हणून छाती पुढे काढून ताठ बसतं. आणि छातीच्या भागात बाक असलेल्या पुष्कळ मुलांची पाठ आधीच सपाट झालेली असते, तिला अजून सपाट करून काय मिळवायचंय आपल्याला?

नाशिककर७८
ताई, एवढं मोडीत काढू नका. मी आठवी-नववीत ब्रेस, म्हणजे कणा सरळ धरणारं प्लास्टिकचं कवच, घातलाय, उन्हाळ्यात आत घामोळं यायचं आणि वर्गातली पोरं पाठीवर टकटक करून बघायची, दुसरा काही उपाय आहे का म्हणून आईने दारोदार विचारलं होतं. बायोफीडबॅक म्हणजे मोबाईलच्या जमान्यातलं खेळणं नाही. अमेरिकेत नील मिलर आणि बॅरी ड्वर्किन या संशोधकांनी ते स्कोलिओसिससाठीच बनवलं होतं, १९८५ साली निबंध आला. अंगाभोवती दोऱ्याचे फेरे असायचे, एक उभा आणि एक छातीभोवती, मूल ढिलं बसलं की बारीक आवाज व्हायचा आणि दुर्लक्ष केलं तर मोठा. मूल स्वतःच्या स्नायूंनी सरळ होतं, प्लास्टिकच्या कवचाने नाही, हा विचार मला आजही पटतो.

फिजिओताई
विचार मलाही पटतो हो. पण तो अभ्यास मोजक्या मुलांवरचा होता, तुलनेला दुसरा गटही नव्हता. ब्रेसची मोठी चाचणी २०१३ साली प्रसिद्ध झाली, २० ते ४० अंशांच्या मुलांची, त्यात ब्रेसवाल्यांपैकी ७२ टक्क्यांचा बाक ५० अंशांच्या आत राहिला, नुसतं लक्ष ठेवलेल्यांपैकी ४८ टक्क्यांचा. म्हणजे काही न करताही जवळपास निम्मी मुलं त्या रेषेच्या आत राहिली! तुलनेला दुसरा गट नसेल तर कशाने फरक पडला ते कळणार कसं? १९८४ च्या एका जुन्या अभ्यासात २० अंशांच्या आतला बाक, हाडं अजून कच्ची, अशा मुलांपैकी २२ टक्क्यांचा वाढला. बाकीच्यांचा यंत्र न लावताही वाढला नाही. शिवाय एक्सरेवर कोन मोजताना पाचेक अंशांचा फरक सहज पडतो, १७ चा १४ झाला म्हणून पेढे वाटू नका आणि २० झाला म्हणून लगेच रडूही नका.

लेकीचीआई_कोथरूड
त्या २२ मध्ये माझी लेक असली तर? मीही वाचलंय, त्याच अभ्यासात २० ते २९ अंशांवर गेलं की कच्च्या हाडांच्या मुलांमध्ये तोच आकडा ६८ होतो. १७ आणि २० मध्ये अंतर किती आहे सांगा.

दोनमुलांचीमाय
आकड्यांचं मला कळत नाही पण घरात घडलेलं सांगते. आम्ही माझ्या मोठ्याला असलं यंत्र सात-आठ महिने लावलं, दिवसभर. जेवायला मांडी घालून बसला, आमटी भुरकायला खाली वाकला की बुर्र. चित्र काढताना बुर्र. तो जमिनीवर बसून खेळायचाच बंद झाला, आणि एकदा आजीने सहज पाठीवर हात फिरवला तर दचकून "बसतोय ना सरळ!" म्हणून ओरडला. त्या दिवशी मी ते काढून कपाटात टाकलं. पोराला आपली पाठ चुकीची आहे असं दिवसातून शंभर वेळा सांगायचं नसतं हो.

नाशिककर७८
हे वाचून वाईट वाटलं. पण हा दोष दिवसभर लावण्याचा आहे. ठरलेल्या व्यायामाच्या वेळेपुरतं लावलं तर?

फिजिओताई
तेवढ्यापुरतं असेल तर माझा विरोध कमी होईल. पण आधी तिच्या बाकाप्रमाणे बसवलेले व्यायाम शिकवा, श्रोथ पद्धतीचे, आरशासमोर, कुठल्या बाजूने श्वास भरायचा, कुठला खांदा कुठे न्यायचा हे सगळं. आरसा हाही बायोफीडबॅकच आहे, आणि त्यात पीळ दिसतो. आणि आई, २० ओलांडून वाढत गेला तर २५ च्या आसपास ब्रेसचा विचार वेळेत करा, यंत्र लावलंय ना म्हणून तपासणी पुढे ढकलू नका, मला सगळ्यात भीती त्याची वाटते.

लेकीचीआई_कोथरूड
यंत्र नको हे मला अजून पूर्ण पटलेलं नाही. पण शाळेत आणि जेवताना लावणार नाही, आमटीचं वाचून पोटात तुटलं. संध्याकाळी आरशासमोर वीस मिनिटं, यंत्र हवं की नको ते लेकच ठरवेल. एक्सरे दिवाळीच्या सुट्टीत आहे.

फिजिओताई
उभं राहून, पाठीमागून काढायला सांगा, त्यात छातीला किरण कमी लागतात. आणि कोन मागच्या वेळी ज्यांनी मोजला त्यांच्याकडूनच मोजून घ्या, जुनी फिल्म न विसरता सोबत न्या.